नऊ मुलं, एक बटण: कालगलबताच्या पोटात काय असावं?

पार्श्वभूमी

नाशिकमधल्या एका हौशी संस्थेनं शाळकरी मुलांचं बालनाट्य बसवायला घेतलं, त्या वेळची ही हकिगत आहे. संस्थेचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. दिग्दर्शिकेला सगळे ताई म्हणतात. विज्ञान शिकवणारे एक सर संध्याकाळी तालमीला येऊन बसायचे आणि विचारलं नाही तरी बोलायचे. नेपथ्य आणि प्रॉपर्टी माझ्याकडे होती.

गोष्ट साधी होती. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी खेळणाऱ्या नऊ मुलांना एक कालगलबत सापडतं. बाहेरून ते जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाज्याएवढं, आत शिरलं की चौकामागून चौक. (नाशकात गलबत कुठून आलं, असं एका पालकांनी विचारलं होतं. काळातून फिरणारं गलबत चालतं तर नाशकातलं का चालू नये, यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.) मुलं त्यात बसून सातवाहनांच्या काळात जातात, परत येताना धाकटा तिथेच राहतो, आणि त्याला आणायचं कसं, यावर नाटकाचा उत्तरार्ध.

संहितेत गलबताच्या आतल्या भागाबद्दल एकच ओळ होती: "मोठा बटण दाबतो. झगमगाट. काळ बदलतो."

अडचण

पहिल्या काही तालमींतच ही ओळ अंगाशी आली. मोठा, म्हणजे नवांतला थोरला मुलगा, बटण दाबायचा आणि बाकीचे आठ जण त्याच्याकडे बघत उभे राहायचे. ताईनं त्यांना "आश्चर्य दाखवा" सांगितलं. मुलांनी तोंडं वासली. दुसऱ्या दिवशीही तोंडं वासली. शेवटी एका मुलीनं विचारलं, "ताई, मी गलबतात नक्की करते काय?" ताईला उत्तर देता आलं नाही, कारण ती खरोखरच काही करत नव्हती. बटणावर चालणाऱ्या यंत्राला एक बोट पुरतं.

दुसरी अडचण सरांनी काढली, आणि ती जास्त गंभीर होती. बटण दाबून हव्या त्या क्षणी जाता येत असेल तर धाकट्याला आणण्यात अवघड काय? पाच मिनिटं आणखी मागे जायचं, पोराचा हात धरायचा आणि घरी यायचं. उत्तरार्ध तीन वाक्यांत संपतो.

गलबताच्या पोटात काय आहे हा प्रश्न तोवर नेपथ्याचा, म्हणजे माझा, समजला जात होता. प्लायवुड किती लागेल, दिवे किती लावायचे, एवढाच. इथून पुढे तो संहितेचा प्रश्न झाला.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे आतला भाग दाखवायचाच नाही. दार उघडायचं, ब्लॅकआउट, शंखाचा आवाज, दिवे आले की दुसरा काळ. पैसे वाचतात, पण मुलांना काम मिळत नाही आणि उत्तरार्धाचं भोक तसंच राहतं.

सगळं स्वप्न होतं असं दाखवायचं, हाही विषय निघाला. ताईनं तो तिथेच मोडला. स्वप्न होतं म्हटलं की प्रेक्षागृहातली मुलं फसवल्यासारखी बघतात, हे तिचं मत, आणि मला ते पटतं.

सरांचा पर्याय होता शास्त्र सांगण्याचा. त्यांनी आणलेला मालमसाला चांगला होता. १९७१ साली साध्या प्रवासी विमानांतून अणुघड्याळं पृथ्वीभोवती फिरवून आणली, तेव्हा ती जमिनीवरच्या घड्याळांशी जुळली नाहीत. फरक नॅनोसेकंदांचा, पण आइनस्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धान्तानं सांगितल्याप्रमाणेच. जीपीएसच्या उपग्रहांतली घड्याळं दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात आणि ते दुरुस्त केलं नाही तर आपल्या मोबाइलमधला नकाशा भरकटेल. म्हणजे वेगानं आणि गुरुत्वाकर्षणानं काळाची चाल बदलते, आणि भविष्याकडे जाणारा रस्ता खरा आहे, फक्त आपण त्यावर मुंगीच्या पावलानं चालतो. भूतकाळाचा रस्ता मात्र कागदावर. १९४९ साली तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यांनी आइनस्टाइनच्या समीकरणांचं असं उत्तर काढून दाखवलं की ज्यात फिरतं विश्व आहे आणि प्रवासी स्वतःच्याच भूतकाळात पोहोचू शकतो. पण आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही. सर हे सांगत असताना मोठी मुलं ऐकत होती आणि लहान मुलं एकमेकांचे बूट लपवत होती. नाटकात हे घातलं तर प्रेक्षागृहातही बूट लपवले जातील, हे उघड होतं.

शेवटचा पर्याय ताईच्या तोंडून जवळपास वैतागून आला: "यंत्र कसं चालतं ते नका सांगू. ते चालवायला कोणाला काय करावं लागतं ते सांगा." बटण काढून टाकायचं. खऱ्या गलबतावर तांडेल असतो, सुकाणू असतं, नांगर असतो, पाणी उपसणारे हात असतात. तसं प्रत्येक मुलाला एक काम द्यायचं, आणि एकाचं काम चुकलं तर सगळे अडकतील अशी रचना करायची. हा पर्याय घेतला. याला वेळ सगळ्यात जास्त लागणार, हे घेतानाच माहीत होतं.

पहिला निर्णय: गलबत कशाला बांधायचं

काळात मागे गेलं म्हणजे जागा तीच राहते, असं आपण गृहीत धरतो. सरांनी ते धरू दिलं नाही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं पळते. एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं, मागे गेलात आणि जागच्या जागी राहिलात, तर तेव्हा पृथ्वी तिथून सुमारे ४३ हजार किलोमीटर लांब होती. "मुलं अंतराळात गुदमरतील," असं सर म्हणाले, आणि सगळ्या मुलांना ही कल्पना फार आवडली.

आता दोन वाटा होत्या. गलबताला अवकाशातही सुकाणू द्यायचं, म्हणजे गणित, पडदे, आकडे. नाही तर त्याला पृथ्वीवरच्या एखाद्या गोष्टीला बांधून टाकायचं. नांगराची कल्पना इथे कामी आली: नांगर पाण्यात नव्हे, दगडात टाकायचा. पांडवलेणी ज्यात कोरली आहेत त्या त्रिरश्मी डोंगराचा काळा पाषाण लेण्यांच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे. जोवर तो दगड आहे तोवर गलबत त्याला धरून मागेपुढे सरकू शकतं, आणि दगड पृथ्वीबरोबर फिरतच असतो.

या एका निर्णयानं बरंच आपोआप ठरलं. गलबत डोंगर सोडून कुठेही जाऊ शकत नाही, म्हणून सगळे प्रवेश एकाच जागी, आणि माझा खर्च निम्म्यावर आला. मागे जायलाही हद्द आली. दख्खनचा हा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्या आधी नांगर टाकायला दगडच नाही. त्यामुळे नाटकातले डायनासोर कापले गेले. ते ज्या मुलानं सुचवले होते तो दोन तालमी कोणाशी बोलला नाही. सरांनी त्याला सांगितलं की लाव्हा वाहू लागला तेव्हा शेवटचे डायनासोर होते, पण नांगर त्या लाव्ह्यात वितळला असता. वितळणाऱ्या नांगरावर त्याची समजूत पटली.

किती मागे आलो हे कळण्यासाठी मापक हवं होतं. इथे नाशिककरांना विचार करावा लागत नाही. गोदावरीला पूर आला की पाणी किती चढलं हे आपण फुटांत विचारत नाही. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे दोन बाजूंना तोंडं असलेल्या मूर्तीच्या, कमरेला लागलं की छातीला, असं विचारतो. दोन मुलं पाठीला पाठ लावून उभी केली, एक मागच्या काळाकडे बघणारा, एक पुढच्या. काळ चढू लागला की मागचा ओरडायचा: "घोट्याला! पेशवाई!" "छातीला! सातवाहन!" डोक्यावरून काळ गेला तर नांगर उचलायचा, हा नियम. मापकाला एक पैसाही खर्च आला नाही.

दुसरा निर्णय: गलबत चालतं कशावर

वीज, सौरऊर्जा, माणसांच्या आठवणी, अशी यादी झाली. आठवणींवर चालणारं गलबत बराच वेळ पुढे होतं. मला ते गोड गोड वाटत होतं, पण आठवण संपली हे रंगमंचावर दाखवायचं कसं? मोजता न येणारी किंमत नाटकात किंमत वाटत नाही.

उत्तर लेण्यातच सापडलं. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई ऋषभदत्त याचा लेख आहे, त्या काळच्या गणनेतल्या वर्ष ४२ चा. त्यानं भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमची ठेव ठेवली. हे पैसे गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, गुंतवले: २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दरानं, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. आमच्यातल्या एका मुलीनं तालमीत पाटीवर हिशेब मांडला: दोन हजारांचं शेकडा एकनं महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब पै न चुकता जुळला तेव्हा बूट लपवणारेही पाटीजवळ आले. त्या मुलीला तिथल्या तिथे गलबताची कीर्द, म्हणजे हिशेबाची वही, मिळाली.

मग नियम असा ठरला. गलबतात शंभर घटिकांचं मुद्दल आहे. महिन्याला एक घटिका व्याज येतं, तेवढीच वापरायची. जाण्यायेण्यात अर्धी जाते, तिथे राहायला अर्धी उरते. मुद्दल मोडता येतं, पण मोडलं की पुढचं व्याज कायमचं कमी.

कीर्दवालीनं लगेच पेच टाकला: "मग दोन हजार वर्षांचं व्याज साठलं असेल की!" प्रश्न बिनतोड होता. पुन्हा लेखाकडेच गेलो. तिथलं व्याज साठवायला नाही, वाटायला आहे. तसंच गलबताचं: न वापरलेली घटिका अमावास्येला जाते. हा नियम लादलेला वाटत नाही, कारण तो आमच्या सोयीतून नव्हे, दगडावरून आला.

उत्तरार्धाचं भोक इथे बुजलं. धाकट्याला आणायला पुन्हा जायचं तर महिनाभर थांबायचं, नाही तर मुद्दल मोडायचं. रंगीत तालमीत "मुद्दल मोडायचं का?" या वाक्यावर मागच्या रांगेतून एक बाबा म्हणाले, "एफडी मोडण्यासारखंच की हे," आणि सगळे पालक हसले. पण त्यांना नियम एका वाक्यात कळला होता.

वाटीचं काम

घटिका मोजायला खरं घटिकापात्र ठेवायचं, हा माझा हट्ट. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की घटिका भरली. दिवसरात्रीत ती साठ वेळा बुडावी, असं सूर्यसिद्धान्तात दिलं आहे. आम्हाला अर्धी घटिका, म्हणजे बारा मिनिटं हवी होती.

भांडी बाजारातून वाटी घेतली आणि ओळखीच्या तांबटकाकांकडे नेली. ते म्हणाले, "भाऊ, भोक वाढवता येतं, कमी नाही करता येत. सुईपासून सुरू करू." सुईच्या भोकाची वाटी घंगाळात सोडली तर ती नुसती तरंगत राहिली. पाणी भोकापर्यंत येऊन फुगवट्यासारखं थांबायचं, आत चढायचंच नाही. तांब्यावर पॉलिशचा तेलकटपणा होता. चिंच आणि मीठ लावून घासली, तेव्हा पाणी चढलं. पण वाटी तासनतास बुडेना. मग काकांनी भोक केसाकेसानं वाढवत नेलं. वाटीची कड एका बाजूला किंचित खाली होती, त्यामुळे शेवटी ती तिरकी होऊन एकदम घोट घ्यायची. कड ठोकून सारखी केल्यावर ती सरळ, न डगमगता खाली जाऊ लागली. घंगाळ समपातळीत नसेल तरी वेळ बदलतो, म्हणून त्याखाली लाकडी पाचरी घातल्या.

रंगमंचावर खरी वाटी ठेवण्यावर ताई शेवटपर्यंत साशंक होती. मुलं संवाद विसरली तर वाटी थांबत नाही. पण तोच तर मुद्दा, असं माझं म्हणणं. आणि तिनं ते मानलं, एका अटीवर की विंगेत एक जण घड्याळ घेऊन उभा राहील.

तिसरा निर्णय: भूतकाळ बदलतो का

सरांचं मत, झालेलं बदलत नाही. मुलं जे करतील ते आधीच झालेलं असेल. मुलांचं मत, बदललाच पाहिजे, नाही तर जायचं कशाला. मध्यममार्ग पुन्हा इथल्याच मातीतून आला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपले छाप पुन्हा ठोकले आहेत. अशा नाण्याचा मोठा केलेला फोटो मुलांना दाखवला. वर तीन कमानींचा डोंगर, आणि त्याच्या आडून नहपानाचं नाक डोकावतंय. जुनं गेलं नाही, त्यावर नवं बसलं.

गलबताचा नियम झाला: काळावर ठोकता येतं, पुसता येत नाही.

धाकट्यानं मागे काय खूण ठेवायची यावर मात्र वाद झाला. लेण्याच्या भिंतीवर ब्राह्मीतलं अक्षर कोरावं, ही मुलांची आवडती कल्पना. ताईनं साफ नाही म्हटलं. नाटक बघून पोरं पांडवलेण्यांवर जाणार आणि खिळ्यानं नावं कोरणार, ही तिची भीती रास्त होती. तिथल्या भिंतींनी आधीच पुरेसं सोसलंय. त्याऐवजी धाकटा टांकसाळीत सापडतो आणि परत निघण्याआधी एक घाव घालतो, तिरका. त्या एका नाण्यावरचा डोंगर आजही तिरका.

प्रयोगात काय झालं

पहिला प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला.

दुसऱ्या प्रयोगात, एका स्थानिक स्पर्धेत, नांगरवाल्याचा धक्का घंगाळाला लागला. वाटी तिरकी झाली, भसकन पाणी घेतलं आणि बारा मिनिटांच्या किती तरी आधी बुडाली. धाकटा अजून विंगेतच होता. ताई ब्लॅकआउट द्यायला निघाली होती. तेवढ्यात घटिकापात्राजवळचा मुलगा ओरडला, "बुडाली!" आणि कीर्दवालीनं वही उघडली: "व्याज संपलं. मुद्दल मोडायचं का?" हे वाक्य संहितेत दोन पानं पुढे होतं. मोठा म्हणाला, "किती?" ती म्हणाली, "अर्धी घटिका. पण पुढच्या महिन्यात कमी मिळेल." हा संवाद कोणी लिहिलेला नव्हता. मुलांनी तिथेच हात वर करून मतं घेतली, वाटी रिकामी करून पुन्हा सोडली, धाकटा आला, प्रवेश पुढे सरकला. गाळलेली दोन पानं कोणाला जाणवली नाहीत.

बटणाच्या गलबतात हे जमलं नसतं. तिथे वीज गेली की सगळं गेलं. इथे प्रत्येकाला आपलं काम आणि त्याची किंमत माहीत होती.

परीक्षकांनी नेपथ्याचं कौतुक केलं आणि पहिल्या अर्ध्या तासात माहिती फार झाल्याचं सांगितलं. ते बरोबर होतं. नांगर आणि दगडाबद्दलचं लांबलचक भाषण सुरू झालं की प्रेक्षागृहात कुजबूज वाढायची, दोन्ही प्रयोगांत.

वेगळं काय करता आलं असतं

आतल्या रचनेचा प्रश्न संहिता लिहितानाच घ्यायला हवा होता. तालमी सुरू झाल्यावर नियम बदलत गेले, आणि लहान मुलांना जुने संवाद विसरायला नवे पाठ करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

पृथ्वी पळते हे भाषणात सांगण्याऐवजी करून दाखवता आलं असतं: नांगर टाकायला विसरतात, दार उघडतात, बाहेर काळोख. तीस सेकंदांत काम झालं असतं.

वाटी प्रेक्षकांना दिसतच नव्हती. घंगाळाच्या वर तिरका आरसा टांगला असता तर शेवटच्या रांगेलाही पाणी चढताना दिसलं असतं. बुडण्याची धास्ती फक्त रंगमंचावर राहिली, प्रेक्षागृहात पोहोचली नाही. सर अजूनही म्हणतात की शंभर घटिकांचं मुद्दल मुळात आलं कुठून, हे आम्ही सांगितलंच नाही. ते खरं आहे. लेण्यातली ठेव कोणी ठेवली हे लेखात आहे. आमच्या गलबताला दाता नाही.

आणि दुतोंड्यातली पुढे बघणारी मुलगी. तिला दोन्ही प्रयोगांत एकही वाक्य नव्हतं, कारण गलबत पुढे गेलंच नाही. नवीन संहितेत ते जावं, अशी तिची मागणी आहे, आणि सरांचा तिला पाठिंबा आहे, कारण पुढचा रस्ता शास्त्राला मान्य आहे. कीर्दवालीची हरकत एवढीच, की पुढे जाताना मधल्या महिन्यांचं व्याज गलबताला मिळणार की मधल्या अमावास्यांना जाणार, हे आधी ठरवा. त्यावर एकमत झालेलं नाही.